रांग मोडा, फेर धरा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो. आमच्या इमारतीत ६ ते १२ वयाची १८ मुलं आहेत. खेळायला मैदान नाही, आहे ती खालची पार्किंगची जागा आणि वरची गच्ची. शाळेतून आली की मुलं मोबाइल घेऊन बसतात. मी कॉलेजात असताना नाचायचे, म्हणून वाटलं की आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी मुलांना गोळा करून नाच घ्यावा, तेवढाच व्यायाम होईल. विषय काढला तर दोन-तीन वडील म्हणाले, "नाच हा काय व्यायाम झाला? मुलग्यांना क्रिकेटला घाला." माझी स्वतःची लेक ९ वर्षांची आहे, अंगानं भरलेली. गेल्या गॅदरिंगला तिला शेवटच्या रांगेत कोपऱ्यात उभं केलं. तेव्हापासून नाच म्हटलं की ती खोलीचं दार लावून घेते. शिवाय एका मुलाला दमा आहे, त्याची आई घाबरते. नाचानं खरंच व्यायाम होतो का? किती वेळ आणि कसा घ्यायचा? आणि माझ्या लेकीला त्यात कशी आणू? – एक आई, डोंबिवली

उत्तर : नमस्कार. आधी तुमच्या लेकीचं बोलू, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिनं लावून घेतलेल्या दारामागेच आहेत.

मी ३१ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. डिसेंबर लागला की माझे तास गॅदरिंगच्या तालमीला जायचे आणि मी मदतीला तिथं उभी असायचे. तिथं काय चालायचं ते सांगते. गाणं साडेतीन मिनिटांचं, मुली २४. गाणं लावायचं, पंधरा सेकंदांत कुणाचा तरी हात चुकायचा, गाणं बंद. पहिल्या रांगेतल्या सहा जणी ती स्टेप पुन्हा करून दाखवायच्या, बाकीच्या १८ जणी हाताची घडी घालून उभ्या. मग पुन्हा पहिल्यापासून. ४० मिनिटांच्या तासात शेवटच्या रांगेतली मुलगी जेमतेम आठ-दहा मिनिटं हलत असे. आणि त्या रांगेत कोण असायचं? जिला जिना चढताना दम लागतो, जिचा ताल चुकतो, जी जाड आहे ती. म्हणजे जिला हालचालीची सगळ्यात जास्त गरज, तिच्याच वाट्याला सगळ्यात कमी हालचाल यायची. हे मला दिसत होतं, तरी बोलायला मी फार वर्षं घेतली. त्या मुलींची तोंडं अजून डोळ्यांसमोर येतात, म्हणून तुमच्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते आहे.

असं आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत सॅन दिएगो भागातल्या नाचाच्या क्लासांचा एक अभ्यास २०१५ साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. २६४ मुलींना हालचाल मोजणारं छोटं यंत्र लावून पाहिलं. क्लासच्या वेळेपैकी सरासरी ३६ टक्के वेळच, म्हणजे १७ मिनिटांच्या आसपास, खरी दमवणारी हालचाल झाली. लहान मुलींमध्ये हिप-हॉपचे क्लास सगळ्यात पुढे होते, त्यात निम्म्याहून जास्त वेळ अंग चाललं. फ्लॅमेंको या स्पॅनिश नाचात सगळ्यात कमी. तेव्हा त्या वडिलांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नुसतं नाचाच्या क्लासला नाव घातलं म्हणून व्यायाम होत नाही. पण तोच नाच न थांबता घेतला तर असा दम काढतो की विचारू नका.

क्रिकेटबद्दल त्यांना एवढंच विचारा, की १८ मुलांच्या डावात एक बॅटिंग करतो, एक बॉलिंग टाकतो, बाकीचे त्या वेळात किती पळतात? क्रिकेट चांगलंच आहे, मुलांनी खेळावंच, डोळा आणि हात त्यानं तयार होतात. पण हृदय-फुप्फुसांच्या व्यायामाचा प्रश्न असेल, तर ज्या खेळात सगळे एकाच वेळी चालते राहतात तो खेळ जास्त कामाचा.

आणि नाच म्हणजे मुलींचं काम, असं त्यांच्या मनात असेल तर तेही काढून टाका. लेझीम तालमीतली. पैलवान मंडळी जड लेझीम घेऊन घाम गाळत आली आहेत. धनगरांचं गजी नृत्य पुरुषांचं, कोकणातली जाखडी पुरुषांची. गणपतीत रत्नागिरीकडे जाखडीचा फेर धरलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, ती 'नाच हा काय व्यायाम झाला' असं म्हणणार नाहीत. अमेरिकेत डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली 'एरोबिक्स' हा शब्द लोकांच्या तोंडी आणला आणि पुढच्याच वर्षी जॅकी सोरेनसन या बाईंनी पोर्तो रिकोतल्या हवाई तळावर एरोबिक नाच सुरू केला. आपल्या आखाड्यांत, शिमग्याच्या मांडावर आणि वारीच्या वाटेवर हे त्याच्या कितीतरी आधीपासून चाललेलं आहे. फक्त आपण त्याला व्यायाम म्हणत नव्हतो.

एरोबिक व्यायाम म्हणजे काय, तर ज्यात पाय, मांड्या, पाठ असे मोठे स्नायू तालात बराच वेळ चालत राहतात, आणि हृदय-फुप्फुसांना त्यांना प्राणवायू पुरवत राहावं लागतं. यात 'चालत राहतात' हा भाग महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं आहे की ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, त्यातली बरीचशी एरोबिक, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस दम लागेल असा, तसंच हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम. तुमच्या तीन-चार संध्याकाळींनी ६० मिनिटांचा रोजचा हिशेब पुरा होणार नाही, हे आधीच सांगते. शाळेत चालत जाणं, जिने चढणं, सायकल हे सगळं त्यात धरायचं. पण ते जे 'किमान तीन दिवस' आहेत, ते तुमच्या गच्चीवर नक्की होऊ शकतात. नाचात उड्या असतात, आणि उडीनं वाढत्या वयातली हाडं बळकट होतात. पोहण्यात किंवा सायकलमध्ये पायांवर हा भार येत नाही.

आता कसं घ्यायचं ते.

पहिलं काम, रांगा मोडा. मुलांना फेर धरायला लावा. फेरात पहिली रांग नसते, शेवटची रांग नसते, कोपरा नसतो. सगळ्यांना सगळे दिसतात, त्यामुळे स्टेप चुकली तर मूल समोरच्याचं बघून आपोआप सुधारतं, तुम्हाला गाणं थांबवावं लागत नाही. भोंडल्यात मध्ये हत्तीचं चित्र आणि भोवती मुली, डहाणू-जव्हारकडे मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती एकमेकांच्या कमरेला धरलेली साखळी, ही रचना लोकांनी उगाच नाही धरून ठेवली. तुमच्याकडे ६ वर्षांचं आणि १२ वर्षांचं मूल एकत्र आहे, तर दोन फेर करा. लहानांचा आत, मोठ्यांचा बाहेर. आतल्या फेरात एका फेरीचं अंतर कमी, बाहेरच्यात जास्त, म्हणजे एकाच ठेक्यावर ज्याला त्याला झेपेल तेवढीच धाव पडते. कुणाला वेगळं काढावं लागत नाही. गच्चीवर दोन फेर मावत नसतील तर कमरेला धरून साखळी करा आणि ती गोल फिरवा. साखळीचं शेपूट नेहमी पळत असतं, तिथं सगळ्यात चळवळ्या मुलाला लावा आणि दर दोन मिनिटांनी शेपूट बदला.

दुसरं, तुम्ही स्टेप शिकवायला जास्त वेळ घालवू नका. तुम्ही कॉलेजात नाचलेल्या आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ज्याला चांगला नाच येतो त्याला वेडीवाकडी स्टेप बघवत नाही. ती बघायची सवय करा. चार स्टेप पुरेत, आणि त्या पाच मिनिटांत जमतील अशाच असाव्यात. मी मुलांना आधी पावली देत असे. वारकरी घेतात ती, उजवा पाय पुढे, डावा त्याला टेकवायचा, मग मागे. वर टाळी. ती जमली की पुढे जाताना गुडघा वर उचलायचा. मग पावलीच्या शेवटी एक उडी. मग उडीबरोबर अर्धं वळण. ही चार रूपं आलटून पालटून वीस मिनिटं चालतात आणि मुलांना कंटाळा येत नाही, कारण पुढचं रूप कधी येणार हे तुम्ही हाळी देऊन ठरवता. 'पावली!' 'गुडघा!' 'उडी!' 'फिरा!' हाळी आधी द्या, ठेका संपायच्या दोन टाळ्या आधी, नाहीतर मुलं एकमेकांवर आदळतात.

लेझीम मिळाल्या तर उत्तम. शाळेतल्या हलक्या लाकडी लेझमा तुमच्या मुलांना पेलतील. लेझमीनं हात खांद्याच्या वर जातात, कंबर वाकते, बैठक होते, आणि छमछम आवाजाला स्वतःचा ठेका असल्यानं मूल ताल सोडत नाही. 'हुश्शार', 'आरंभ' म्हणून सुरुवात करा, आधी चार आवाज, म्हणजे चार मोजत लेझीम वाजवणं, पक्के करा, मग पवित्रा, म्हणजे त्यावर पाय टाकणं, घ्या. लेझीम मिळाल्या नाहीत तर टिपऱ्या. आणि सहा-सात वर्षांच्यांच्या हातात टिपऱ्या द्यायची भीती वाटत असेल, तर रद्दीच्या कागदाच्या घट्ट सुरळ्या करून त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. लागत नाहीत, आवाजही छान येतो, आणि करताना मुलांची एक संध्याकाळ मजेत जाते.

फुगडी जरूर घ्या, पण गच्चीच्या फरशीवर उभी फुगडी नको. हात सुटला की डोकं फरशीवर आपटतं. ती एखाद्या रविवारी बागेत, मातीवर घ्या, आणि जोड्या सारख्या वजनाच्या लावा. गच्चीवर बसफुगडी चालेल. उकिडवं बसून पाय आलटून पालटून पुढे टाकायचे. पंधरा-वीस सेकंदांत मांड्या भरून येतात. मुलांना वाटतं हा खेळ आहे, पण ती चांगली कडक कसरत आहे. गुडघा दुखत असेल त्या मुलाला मात्र ती देऊ नका. झिम्मा तर कुठेही होतो, आणि मुलग्यांनाही आवडतो. 'मंगळागौरीचे खेळ' असं नाव न सांगता घ्या, मग बघा.

वेळ किती? पहिल्या दोन आठवड्यांत २५ मिनिटं, पुढे हळूहळू ४० पर्यंत. सुरुवातीची पाच मिनिटं साधं चालणं, खांदे-कंबर-घोटे मोकळे करणं. शेवटची पाच मिनिटं पुन्हा चालणं आणि पाय ताणणं. थांबवताना एकदम 'बसा' म्हणू नका, धावतं मूल एकदम बसलं तर कधी कधी त्याला गरगरतं. मधला जो वेळ आहे तो सलग, पण सलग म्हणजे एकाच जोरानं नाही. मोठी माणसं अर्धा तास एका गतीनं चालू शकतात, मुलांची चाल तशी नसते. अंगणात सोडलेलं मूल पाहा, सुसाट पळतं, रेंगाळतं, पुन्हा सुसाट. त्याच्या या स्वभावाला धरूनच नाच बसवा. दोन मिनिटं उड्यांचा, एक मिनिट जागेवर पावली, पुन्हा दोन मिनिटं उड्यांचा. पावलीच्या मिनिटाला कुणी उभं राहायचं नाही, पाणी प्यायचं असेल तर चालत चालत जाऊन प्यायचं. एवढा एक नियम तुम्ही कडकपणे पाळलात तर बाकी सगळं जमून येईल.

ठेक्याचं सांगते. मिनिटाला १२० ते १४० ठोके असलेला ताल एरोबिकला बरा पडतो. गाणं लावा, घड्याळात १५ सेकंद धरा आणि टाळ्या मोजा. ३० ते ३५ आल्या तर ते गाणं जोराच्या भागाला घ्या, २५ च्या आसपास आल्या तर सुरुवातीला आणि शेवटी. पण तुम्ही मला विचाराल तर गाण्यांपेक्षा डबा बरा. खरंच. रिकामा तेलाचा पत्र्याचा डबा, दोन लाकडी पळ्या. गाण्याची गती बदलता येत नाही, डब्याची येते. मुलं दमलेली दिसली की ठेका सैल करायचा, रंगात आली की चढवायचा. हलगीवाला हेच तर करतो. शिवाय ज्याचा पाय मुरगळला आहे, जो तापातून उठला आहे, त्याच्या हातात डबा देता येतो, तो घरी बसत नाही. स्पीकरच वापरायचा असेल तर आवाज एवढाच ठेवा की हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडावं लागणार नाही. कानांसाठीही आणि शेजाऱ्यांसाठीही.

व्यायाम पुरेसा होतोय की जास्त होतोय, हे कळायला यंत्र लागत नाही. नाचता नाचता मुलाला त्याच्या शाळेचं नाव विचारा. नीट सांगता आलं पण गाणं म्हणता येत नाही, तर हालचाल मध्यम जोराची आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर जोरदार. एक शब्दही फुटत नाही, चेहरा पांढरा पडलाय, तर त्याला चालायला लावा आणि जोर कमी करा. मोठ्या मुलांना नाडी मोजायला शिकवा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं, १५ सेकंद. ३५ ते ४० ठोके आले, म्हणजे मिनिटाला १४० ते १६०, तर काम चांगलं चाललं आहे. त्यांना हे फार आवडतं. माझ्या सहावीच्या वर्गात नाचाच्या आधी आणि नंतरचे आकडे फळ्यावर लिहायला नुसती झुंबड उडायची, आणि त्या निमित्तानं चारचा पाढा पाठ व्हायचा तो वेगळाच. मोठ्यांसाठी '२२० वजा वय' हा हिशेब सांगतात, तो मुलांना लावू नका. लहान वयात तो बसत नाही.

जागा गच्चीच घ्या, पार्किंग नको. संध्याकाळी गाड्या परत यायची वेळ असते, धूर आणि धोका दोन्ही. पण गच्चीचा कठडा मोठ्या मुलांच्या छातीच्या वर येतो का ते आधी बघा, आणि फेर कठड्यापासून सात-आठ फूट आत आखा, खडूनं. उन्हाळ्यात साडेसहाच्या आधी वर जाऊ नका, तोवर लादी तापलेली असते. तुमच्याकडची दमट हवा घाम वाळू देत नाही, त्यात मुलं लवकर तापतात, म्हणून दर दहा मिनिटांनी पाण्याचे घोट. पावसाळ्यात गच्ची शेवाळते, तेव्हा हट्ट नको. जिन्याखालची मोकळी जागा, सोसायटीचं ऑफिस, कुणाचा तरी मोठा हॉल बघा, नऊ-नऊ मुलांचे दोन गट करा. पायात बूट हवेत. सिमेंटवर अनवाणी उड्या रोज मारल्या तर आठ ते चौदा वयात टाच दुखायला लागते, कारण त्या वयात टाचेचं हाड अजून वाढत असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांची गुडघ्याखालची हाडाची गाठ अशीच दुखते. दुखलं की आठवडाभर उड्या बंद, पावली चालू. कमी झालं नाही तर डॉक्टर.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वजनदार मूल गुडघा किंवा मांडी दुखते म्हणून लंगडत असेल, तर 'नाचून पाय भरले असतील' म्हणून सोडून देऊ नका. खुब्याच्या हाडाचा एक विकार याच वयात असा दिसतो, दुखतं गुडघ्यात आणि दोष असतो खुब्यात. त्याच दिवशी नाच बंद करून लवकरात लवकर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. तसंच नाचताना छातीत दुखलं, भोवळ येऊन पडलं, किंवा छाती विनाकारण फार धडधडली, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय ते मूल पुन्हा फेरात येणार नाही.

दम्याच्या मुलाबद्दल. त्याला घरी बसवू नका. त्याच्या आईची भीती मला कळते, रात्री बेरात्री मुलाची छाती वाजताना ऐकलेली असते तिनं. तिला सांगा की आधी डॉक्टरांना भेटून येऊ, हवं तर मीही येते. दमा औषधानं आटोक्यात असेल तर बहुतेक मुलं सगळे व्यायाम करू शकतात. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारायच्या, नाचाच्या आधी पंप घ्यायचा का, आणि मध्येच दम लागला तर किती वेळा घ्यायचा. उत्तर कागदावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. पंप मुलाच्या दप्तरात नको, गच्चीवर डब्याशेजारी हवा. त्याची सुरुवात दहा मिनिटं सावकाश होऊ द्या, त्यानं पुढचा त्रास कमी होतो. नाच संपल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला सुटतो का ते बघा, व्यायामानं होणारा दमा बऱ्याचदा तेव्हा दिसतो. दिवाळीत फटाक्यांच्या धुरात आणि सर्दी झाली असताना सुट्टी. बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा पंपानं आराम पडेना, तर थेट हॉस्पिटल.

हे तुम्ही एकटीनं करू नका. अजून एक मोठं माणूस गच्चीवर हवंच. क्रिकेटवाल्या वडिलांपैकी एकाला डबा वाजवायला बोलवा. ठेका धरून ठेवायला चांगला माणूस लागतो असं सांगा, आणि ते खरंच आहे.

आता तुमची लेक.

तिला वजनासाठी नाचायला नेऊ नका. तसं बोलू नका, मनातही आणू नका, मुलांना मनातलं कळतं. वजनकाटा गच्चीच्या आसपासही नको. नाचून वजन उतरेलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. वाढत्या वयात मूल उंच होत जातं, वजनाचा हिशेब त्याच्याबरोबर बदलतो, आणि त्यात खाणं, झोप, घराण्याची ठेवण सगळं येतं. जे नक्की होईल ते सांगते. दीड-दोन महिन्यांत जिना चढताना तिला आतासारखी धाप लागणार नाही. ते तिचं तिलाच जाणवेल, आणि ते तिनं तुम्हाला येऊन सांगावं, तुम्ही तिला नाही.

तिला आणायचं कसं? 'चल नाचायला' म्हणू नका. त्या शब्दाला तिच्या मनात आता कोपरा चिकटला आहे. पहिले आठ-दहा दिवस तिला नाचायलाच लावू नका. डबा तिचा. माझ्या वर्गात एक मुलगी होती, चौथीतली, अशीच अंगानं भरलेली, सगळ्यांत मागे उभी राहणारी. लेझमीच्या तासाला एकदा हलगीवाले काका आले नाहीत. मी तिच्या हातात डबा दिला, कारण ती बाकावर बोटं वाजवत बसलेली मला दिसायची. पहिल्या दिवशी ती बसून वाजवत होती. दुसऱ्या दिवशी उभी राहून. तिसऱ्या दिवशी ठेका चढवताना तिचे पाय आपोआप पावली घ्यायला लागले, आणि तिला ते कळलंही नव्हतं. मी काही बोलले नाही. आठवड्यानं तिनंच डबा एका मुलाच्या हातात दिला, लेझीम उचलली आणि फेरात घुसली. कुठं उभं राहायचं हे तिनं कुणाला विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं, दोन मुलींनी हात सोडून जागा केली.

तुमची लेक डबा नको म्हणाली तर तिला हाळी द्यायचं काम द्या. 'पावली', 'गुडघा', 'उडी' कधी म्हणायचं ते ती ठरवेल. तेही नको म्हणाली तर दार बंद राहू द्या, फक्त नाच तिच्या खिडकीतून ऐकू जाईल असा ठेवा, आणि खाली आल्यावर तिच्यासमोर त्याचं काही बोलू नका. आणि एक वचन मुलांना आणि त्यांच्या आयांना पहिल्याच दिवशी द्या, की या नाचाचा कार्यक्रम होणार नाही. गणेशोत्सवात नाही, २६ जानेवारीला नाही, कुणी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणार नाही. सोसायटीची कमिटी चार महिन्यांनी नक्की येऊन म्हणेल, 'एवढं छान चाललंय, स्टेजवर करा की.' कार्यक्रम ठरला की रांगा लागतात, रांगा लागल्या की शेवटची रांग तयार होते, आणि त्या रांगेत कोण जातं ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. तेव्हा कमिटीला नम्रपणे नाही म्हणा.

सुरुवात सोमवारी करा, शनिवारी-रविवारी मुलं पांगलेली असतात. त्याआधी एकदा संध्याकाळी एकट्या गच्चीवर जा, खडूनं दोन फेर आखा आणि त्या रेघेवरून स्वतः दहा मिनिटं पावली घेऊन बघा. कठडा किती दूर पडतो, पाण्याच्या टाकीचा कोपरा पायात येतो का, लादी कुठं उखडली आहे, हे चालूनच कळतं. डबा घरात नसेल तर किराणा दुकानदाराला सांगून ठेवा, तेलाचे रिकामे डबे त्याच्याकडे असतात. त्याची कापलेली कड हातोडीनं आत वळवून घ्या, म्हणजे कुणाचं बोट कापणार नाही.